माळावरचा तोल

चौफुल्याहून सुप्याकडे निघाले की दौंडकडचे उसाचे फड हळूहळू मागे पडतात आणि माळ सुरू होतो. तालुका बारामती, पण दौंडच्या शिवेपासून फार लांब नाही. १९९७ साली जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्य याच माळावर आहे. क्षेत्रफळ अवघे पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास, मुख्य रहिवासी चिंकारा. या भागात पक्षी आणि प्राणी पाहण्याची साधने कशी बदलत गेली, याचा शोध मी गेली काही वर्षे फुरसतीने घेतो आहे. त्या शोधात एक किरकोळ वाटणारी वस्तू मला फार महत्त्वाची वाटू लागली. ती म्हणजे तिपाईच्या डोक्यावर बसणारे गिंबल.

सुरुवात बंदुकीपासून करावी लागते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने स्टॅटिस्टिकल रिपोर्टर म्हणून नेमणूक केली. दख्खनभर फिरताना त्यांनी शेती, लोकसंख्या, हवामान यांच्या जोडीने पशुपक्ष्यांचीही नोंद ठेवली. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी आली. तीत दोनशेंहून अधिक जाती होत्या. एक चंडोल आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मात्र त्या काळी पक्षी ओळखायचा तर तो हातात यावा लागे, आणि हातात यायचा तर आधी पडावा लागे. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, तेव्हा इंग्रजांची छावणी होती. छावणीतल्या साहेबाला माळ म्हणजे शिकारीचे रान. पाहणे आणि मारणे यांच्यात फारसे अंतर नव्हते.

हे अंतर कॅमेऱ्याने वाढवले. इंग्लंडमध्ये केअर्टन बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक प्रत्यक्ष रानात काढलेल्या छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटात दडूनही पक्षी टिपले. तेव्हाची तिपाई कॅमेरा अचल ठेवण्यासाठी होती. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला ती पुरेशी. धावणाऱ्या चिंकाऱ्याला किंवा उडणाऱ्या शिक्र्याला मात्र भिंग वळवता यायला हवे आणि वळवतानाही ते डळमळता कामा नये.

या दोन्ही गरजा भागवणारी युक्ती कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे. जहाज कितीही हेलकावले तरी होकायंत्र सपाट राहावे म्हणून ते एकात एक फिरणाऱ्या कड्यांत टांगत. ही रचना सोळाव्या शतकातल्या कार्डानोच्या नावाने ओळखली जाते, पण तिचे वर्णन इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या बायझँटियमच्या फिलोच्या नावावरही आहे. अमेरिकेत विम्बर्लींनी हेच तत्त्व लांब भिंगासाठी वापरले आणि १९९०च्या दशकापासून गिंबल वन्यजीव छायाचित्रकारांच्या हाती रुळले.

त्याचे काम आपल्या तराजूसारखे आहे. गोळ्याच्या डोक्यावर जड भिंग ठेवले की पेच सैल होताच ते मान टाकते. गिंबलमध्ये भिंग पाळण्यात बसते. ते पुढेमागे सरकवून आणि वरखाली करून त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या आसावर आणायचा. मग दोन्ही पेच सैल करून हात काढून घ्यायचा. भिंग जिथे सोडले तिथेच थांबले, तर तोल साधला. त्यानंतर चार-पाच किलोंचे ओझे एका बोटाने वळते.

गिंबल हलके झाले ते भिंगे हलकी झाली म्हणून. कॅननचे ६०० मिलिमीटरचे भिंग १९९९ मध्ये ५.३६ किलोंचे होते. नंतरच्या आवृत्तीत ते ३.९२ किलोंवर आले आणि २०१८ मध्ये ३.०५ किलोंवर. ओझे उतरले तसा एका बाजूच्या भुजेचा, कार्बन फायबरचा हलका पाळणाही पुरेसा ठरू लागला. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याच्या खांद्याला हा मोठाच दिलासा.

पण या दिलाशाची दुसरी बाजू मला एका मे महिन्यात कळली. टिटवी उघड्या माळावर, खड्यांत अंडी घालते. सामान हलके, म्हणून मी जागा तीनदा बदलली आणि दर वेळी थोडा पुढे सरकलो. टिटवी उठली, ओरडत घिरट्या घालू लागली. मी तिची उड्डाणे टिपत राहिलो, गिंबल लोण्यासारखे फिरत होते. भानावर आलो तेव्हा अंडी बराच वेळ उन्हात उघडी पडली होती. मी मागे हटलो. पुढे त्या अंड्यांचे काय झाले, ते पाहायला जाण्याचा धीर झाला नाही. छायाचित्रे सुरेख आली. ती मी कुणालाही दाखवलेली नाहीत.

जड सामान माणसाला एका जागी बसवत होते. त्याची पाठ मोडत असेल, पण अंतरही आपोआप राखले जात होते. हलक्या सामानाबरोबर ते राखण्याची जबाबदारी आपल्यावर येते. माळावर तर ती अधिकच, कारण इथे आडोसा नसतो. सरकारी कागदात असे माळ पुष्कळदा पडीक म्हणून मोजले गेले आणि झाडे लावून, नांगरून ते कमी होत गेले. लांडगा, चिंकारा, धाविक यांना उरलेल्या तुकड्यांतून आणखी मागे सरकायला जागा नाही.

सुप्याच्या माळावर मी एकदा धनगराचा कळप जाताना पाहिला. दोन चिंकारे मान वर करून बघत राहिले आणि पुन्हा चरू लागले. धनगराने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी मात्र गाडीतून पाय खाली टाकताच ते उधळले.

आता मी उजाडण्यापूर्वी जागा धरतो, तिपाई बुटकी करतो, तोल तपासतो आणि ऊन चढेपर्यंत तिथून हलत नाही. हलक्या गिंबलमुळे वाचलेली ताकद मी बसण्यात खर्च करतो. कधी काहीच येत नाही. कधी चिंकारा आपल्या पायाने येतो.