बैलगाडी आणि बुलेट, एकाच फलकावर

कळंबोलीला पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो, तिथे कोणाकोणाला मज्जाव आहे त्याची यादी फलकावर रंगवलेली असते. पादचारी, बैलगाडी, ट्रॅक्टर, रिक्षा आणि दुचाकी. मागच्या सीटवर तंबू, स्लीपिंग बॅग आणि छोटा स्टोव्ह करकचून बांधून पहाटे वाशीहून निघालेला एकटा बुलेटवाला इथे बैलगाडीच्या पंगतीला बसतो. तो निमूट पनवेल गाठतो आणि पळस्पे फाट्यावर येतो. सरळ गेलं तर जुना पुणे रस्ता, उजवीकडे गोवा.

ही पंगत बरीच जुनी आहे. नवी मुंबई नव्हती तेव्हा पनवेल हे बंदर होतं. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरे आणि पुढचा रस्ता धरी. 10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला, आणि देशावरच्या बैलगाड्या माल घेऊन थेट पनवेलपर्यंत उतरू लागल्या. पनवेलचा नावाजलेला धंदा चाकांचा. देशावरचा प्रत्येक गाडीवान इथून चाकांची जोडी घेतो, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरात आहे. आज लांबच्या प्रवासाआधी टायर बदलून घेणारे दुचाकीवाले वेगळं काय करतात?

घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे. चढण लागण्याआधी बैलांना पाणी आणि माणसांना विसावा हवाच. तंबूबिंबू काही नाही; गाडीवान गाडीखालीच आडवा होई. 1863 मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली आणि लांब पल्ल्याचा माल तिच्याकडे गेला. बैलगाडी जुन्या रस्त्यावर मागे राहिली.

मोटारसायकलची पाळी यायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं गेली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. तोवर मुंबईहून पनवेलला जायचं म्हणजे ठाणे, मुंब्रा, शीळफाटा असा वळसा. पूल झाल्यावर खाडीपलीकडे नवं शहर उभं राहू लागलं. त्या काळात लांबचा एकट्याचा प्रवास करणारे बुलेट, राजदूत किंवा येझदीवर निघत. टू-स्ट्रोक गाडी असेल तर पेट्रोलबरोबर ऑइलही बघावं लागे. क्लचची जादा केबल, प्लग आणि पाना नसलेल्या गाडीवर घाट चढायची छाती फार थोड्यांची. तंबू कोणाकडे होता? मुक्काम देवळात, एसटी स्टँडच्या बाकावर नाहीतर ओळखीपाळखीच्या घरी. 1985 मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी हंड्रेड आली आणि कमी पेट्रोलात लांब जायची सोय झाली.

मग गंमत झाली. नोव्हेंबर 2001 मध्ये पुण्याच्या बजाजने पल्सर आणली. पोरांच्या हातात एकदाची दमदार देशी गाडी आली. पुढच्याच वर्षी साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्यावर दुचाकीला बंदी. गाडी घाटाच्या वर तयार होते आणि घाटातल्या नव्या रस्त्यावर तिला पाय ठेवता येत नाही! बंदीमागचं कारण सुरक्षेचं आहे, आणि त्या मार्गावरचा वेग बघता ते अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. पण हा पायंडा पडला. 2009 चा वांद्रे-वरळी सागरी सेतू दुचाकीला बंद. जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, तोही बंद. शिवडीच्या दुचाकीस्वाराला पनवेलसाठी अजून वाशीचाच पूल.

त्यामुळे जुने रस्ते त्याच्या वाट्याला आले, आणि सोबत त्यांच्या खाणाखुणाही. खोपोलीवरून चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटातली वाट इंग्रजांना याच शिंग्रोबा धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. ट्रकवाले चालत्या गाडीतून नाणं टाकतात, दुचाकीवाला थांबून ठेवतो. वरचा 1830 चा अमृतांजन पूल मात्र एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला.

पळस्प्याहून उजवीकडे वळणाऱ्याची कहाणी वेगळी. गोवा रस्त्याला लागताच वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण, मग कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ. या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. त्यानंतर पावसाळ्यात अंधारात पूल ओलांडायचा नाही असा नेम अनेकांनी केला.

तंबू अलीकडचा. पवना धरणाच्या काठावर तो शनिवार-रविवारचा धंदा झाला, गाणी आणि कोंबडीसकट. त्याला मुक्काम म्हणवत नाही. एकट्याने लांब जाणाऱ्यांची जात निराळी. 2023 मध्ये रमिला लटपटे गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी नेसून मोटारसायकलवर एकट्या जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा लोकांनी लुगड्याचेच फोटो जास्त काढले.

कोकणातल्या सड्यावर तंबू ठोकणं हा एक धडाच असतो. खाली जांभा, खुंटी दोन बोटं आत जाते आणि वाकते. दगडाने ठोकून हात सोलवटतात. मग दोन दोऱ्यांवर चिरे ठेवायचे आणि वाऱ्याच्या बाजूची दोरी मोटारसायकलच्या फूटरेस्टला बांधायची. रात्री वारा सुटला की गाडी जरा करकरते, आणि आतला माणूस तिच्या चाकाशी डोकं करून झोपतो.