मांगूर

मांगूर : सिल्युरिफॉर्मीस गणाच्या क्लॅरिइडी कुलातील गोड्या पाण्यातील मार्जारमीन. शास्त्रीय नाव क्लॅरिअस मागुर. अंगावर खवले नसलेला, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असलेला हा मासा नागपूर व पूर्व विदर्भाच्या मुलखात तळी, बोड्या आणि पावसाळ्यात भरलेल्या धानाच्या बांध्या यांत राहतो. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत फांद्यांसारखी शाखायुक्त श्वसनेंद्रिये असल्यामुळे तो हवेतूनही प्राणवायू घेतो. म्हणूनच तळे आटून चिखल उरला तरी तो तग धरतो, आणि नागपुरातील भोईपुऱ्याच्या बाजारात घमेल्यातल्या बोटभर पाण्यातही वळवळत राहतो.

नामभ्रम : मांगूर ओळखण्यातील निम्मी अडचण नावांनी निर्माण केलेली आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात या जातीचे वर्णन करताना देशी नावच शास्त्रीय नामात कायम केले. परंतु पुढे लिनीअस यांच्या १७५८ च्या क्लॅरिअस बॅट्राकस या जातीत तिचा समावेश होऊन भारतीय ग्रंथांत व सरकारी दप्तरांत तेच नाव रूढ झाले. एन्ग व कोटेलाट यांनी २००८ मध्ये जावा बेटावरील नमुना प्रमाण ठरविल्यावर बॅट्राकस हे नाव तिकडील माशाकडे गेले व भारतीय माशास हॅमिल्टन यांचे नाव परत मिळाले. बाजारात ज्यास ‘थाई मांगूर’ म्हणतात, तो क्लॅरिअस गॅरिपायनस मूळचा आफ्रिका व पश्चिम आशियातील. त्याचे वर्णनही १८२२ सालचेच, बर्चेल यांनी दक्षिण आफ्रिकेत केलेले, आणि त्याच्या नामात तेथील ऑरेंज नदीचे ‘गॅरिप’ हे देशी नाव आहे. १९८९ मध्ये तो थायलंडमधून बांगलादेशात आणला गेला व तेथून बिनपरवाना भारतात शिरला. वाटेतल्या मुक्कामाचे नाव तेवढे त्याला चिकटले.

भेदलक्षणे : लांबलचक पृष्ठपक्ष दोन्ही जातींत असून त्यातील अरांची संख्या साधारणतः साठ ते ऐंशीच्या दरम्यान भरत असल्याने ती मोजून निर्णय होत नाही. देशी मांगूर एकरंगी तपकिरी वा काळपट, क्वचित बाजूंवर बारीक पांढरे ठिपके असलेला, आणि सहसा वीतभर किंवा थोडा अधिक लांबीचा. थाई मांगुराच्या पाठीवर संगमरवरासारखी करडी-काळी नक्षी असते. तो काही महिन्यांत किलोभर होतो व पूर्ण वाढ झाल्यास दीड मीटरपर्यंत जातो. मासा उताणा केला असता मोठ्या थाई मांगुराच्या डोक्याखाली दोन्ही बाजूंस एकेक काळा पट्टा दिसतो. कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर त्याचे दाते २४ ते ११० असून देशी माशात ते त्याहून कमी असतात.

शिंगी (हेटरोप्न्यूस्टेस फॉसिलिस) हा मासाही हवा घेणारा व चार जोड मिशांचा; पण त्याचा पृष्ठपक्ष अगदी आखूड, सहा-सात अरांचा असतो, आणि अंसपक्षाचा काटा विषारी असल्याने धीवर त्याला जपून हाताळतात.

महत्त्व : देशी मांगुराचा नर उथळ पाण्यातील बिळात अंडी राखतो, थाई मांगूर लक्षावधी अंडी घालून निघून जातो, आणि हाती लागेल तो जलचर खातो. देशी जात संकटग्रस्त गणली जाते. परदेशी जातीच्या संवर्धनावर केंद्र सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली व २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिचे साठे नष्ट करण्याचा हुकूम दिला. तथापि डोक्याखालचे पट्टे पिल्लांत उमटलेले नसतात, आणि तळ्यात सोडली जाते ती बोटुकलीच. त्यामुळे ज्या वयात पारख सर्वांत निकडीची, त्याच वयात डोळ्यांची साक्ष अपुरी पडते. तेथे खातरजमा गुणसूत्रांवरून होते : देशी माशात ती ५०, थाई म्हणविणाऱ्यात ५६, आणि दोहोंच्या संकरात ५३.