मनातून उतरलेला नायक

दिवाळीत घर भरलेले असते. अभ्यंगस्नान, फराळ, पाहुणेरावळे सारे आटोपले, की दुपारी मंडळी दूरचित्रवाणीच्या पडद्यापुढे येऊन बसतात. एखादी मालिका रंगात आलेली असते आणि मध्येच आत्याबाई म्हणतात, “हा माणूस मला आधी फार आवडायचा. आता नाही हो बघवत.” त्यावर भाचा हातातली चकली ताटलीत ठेवून उसळतो, “का गं आत्या? त्यानं केलं ते घरासाठीच केलं ना?” झाले! मालिका बाजूला राहते आणि घरातच वाद पेटतो.

अशा वेळी आपण म्हणतो, ‘तो माझ्या मनातून उतरला.’ मराठीतला हा शब्दप्रयोग मला फार मार्मिक वाटतो. पडायला एक क्षण पुरतो. उतरणारा मात्र पायरीपायरीने खाली येतो. कोणत्या पायरीवर आपण त्याचा हात सोडला, हे मागाहून विचारले तर नेमके सांगता येत नाही. अशाच एका उतरण्याचा इतिहास येथे सांगायचा आहे. तो घडला अमेरिकेत. पण त्याची किल्ली आपल्या वाल्या कोळ्याच्या गोष्टीत सापडेल.

ती गोष्ट आपण सर्वांनीच आजीच्या मांडीवर ऐकलेली. वाल्या वाटसरूंना लुटी, मारी आणि दर हत्येमागे एक खडा रांजणात टाकी. नारदाने त्याला विचारले, “हे कुणासाठी?” तो म्हणाला, “बायकामुलांसाठी.” “मग या पापात ती वाटेकरी आहेत का, तेवढे विचारून ये.” वाल्या घरी गेला. घरची माणसे म्हणाली, आम्हाला पोसणे हा तुझा धर्म. पाप तुझे तुझ्यापाशी. त्या एका उत्तराने त्याचे डोळे उघडले. हे उत्तर ध्यानात ठेवून आता समुद्रापलीकडे जाऊ.

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघरी पसरू लागली, तेव्हा तेथील प्रक्षेपकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५२ साली एक आचारसंहिता लागू केली. गुन्हेगारी ही अनिष्ट आणि सहानुभूतीला अपात्र अशीच दाखवावी, असा तिचा दंडक होता. सहानुभूती ही जणू रेशनवरची साखर. ती कुणाला किती द्यावी हे आधीच ठरलेले. ही संहिता १९८३ पर्यंत टिकली.

पण प्रेक्षकाचे मन नियमाने चालत नाही, याचा पुरावा मधल्या काळातच मिळाला होता. १९७१ साली ‘ऑल इन द फॅमिली’ ही विनोदी मालिका सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर हा न्यूयॉर्कमधला एक कष्टकरी गृहस्थ. काळे, ज्यू, स्त्रिया, सगळ्यांविषयी त्याच्या मनात अढी. निर्माते नॉर्मन लिअर यांना या अढीचे हसे करायचे होते. १९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन संशोधकांनी प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा मौज दिसली. ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह होते, ते आर्चीला हसत नव्हते. ते त्याचे चाहते झाले होते. लेखकाने आरसा धरला, आणि पाहणाऱ्याला त्यात आपला फोटो छान आला असे वाटले!

पुढचा टप्पा १९९९ चा. वर्गणीदारांच्या पैशांवर चालणाऱ्या एचबीओ या वाहिनीला जाहिरातदारांची मर्जी सांभाळावी लागत नव्हती. तिने डेव्हिड चेस यांची ‘द सोप्रानोज’ ही मालिका आणली. टोनी सोप्रानो हा न्यू जर्सीतल्या गुन्हेगारी टोळीतला मोठा आसामी. पण आपली त्याची ओळख होते ती घरच्या पोहण्याच्या तलावातली बदके न्याहाळताना. ती बदके एके दिवशी उडून जातात आणि हा धिप्पाड माणूस घेरी येऊन कोसळतो. अशा माणसाविषयी कुणाला माया वाटणार नाही?

पाचव्या भागात टोनी लेकीला महाविद्यालये दाखवायला मेन राज्यात घेऊन जातो. वाटेत त्याला टोळीशी फितूर झालेला एक जुना माणूस दिसतो, आणि तो त्याला स्वतःच्या हातांनी गळा आवळून मारतो. वाहिनीचे अधिकारी क्रिस अल्ब्रेक्ट धास्तावले. हे दाखवले तर नायक मनातून उतरेल आणि लोक मालिका सोडतील, अशी त्यांना भीती. चेस यांचे म्हणणे उलट: टोळीचा म्होरक्या फितुराला सोडून देतो, हे कुणालाच खरे वाटणार नाही. अखेर तडजोड झाली. मरणारा माणूसही कसा वाईट आहे हे दाखवणारा मजकूर घातला गेला, आणि ७ फेब्रुवारी १९९९ ला तो भाग दाखवला गेला. लोक गेले नाहीत. उलट मालिका ८६ भाग चालली.

तिच्या शेवटाकडे एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. टोनी ज्यांच्यापुढे मन मोकळे करी, त्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फी यांच्या कानावर एक संशोधन येते: अशा माणसांना या उपचारांनी सुधारता येत नाही, उलट दुसऱ्याला गुंडाळण्याची त्यांची कला धारदार होते. २००७ साली, शेवटून दुसऱ्या भागात, त्या टोनीला दार दाखवतात. प्रेक्षकाने पाचव्या भागात डोळ्यांनी पाहिले होते, ते डॉक्टरीणबाईंना उमगायला आठ वर्षे लागली.

आता येतो तो खरा वाल्या, आणि योगायोग असा की त्याचे नाव वॉल्टर. ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका २० जानेवारी २००८ पासून २९ सप्टेंबर २०१३ पर्यंत चालली, भाग ६२. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातले वॉल्टर व्हाइट हे पन्नाशीचे रसायनशास्त्राचे शिक्षक. मुलगा अपंग, बायको स्कायलर गर्भार, आणि पगार पुरत नाही म्हणून दुपारी मोटारी धुण्याची नोकरी. एकदा तर स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाके पुसण्याची वेळ येते. अशात फुप्फुसाचा कर्करोग निघतो. आपल्यामागे घराचे काय होणार, या काळजीने मास्तर मेथ नावाचे घातक अमली द्रव्य बनवू लागतात. मास्तरांविषयी आपल्याकडे मुळातच आदर. त्यात दारिद्र्य आणि आजार. पहिल्याच भागात आपण त्यांच्या बाजूचे होतो.

जनक व्हिन्स गिलिगन यांनी मात्र आधीच ठरवले होते की हा मनुष्य आपल्यादेखत सज्जनाचा खलनायक व्हायचा. म्हणजे आपली गोष्ट उलटी. येथे वाल्मीकीचा वाल्या होतो. तेव्हा आपणही रांजणापाशी बसून खडे मोजू. पहिल्याच वर्षी एक श्रीमंत जुना मित्र उपचारांचा सगळा खर्च देऊ करतो, आणि वॉल्टर अभिमानाने नकार देतो. ‘घरासाठी’ हे कारण येथेच संपते; पण आपण त्याला स्वाभिमान म्हणतो. २००९ साली त्याच्या साथीदाराची प्रेयसी जेन नशेत गुदमरून मरत असते आणि तो नुसता उभा राहून पाहतो. आपण म्हणतो, त्याने मारले तर नाही ना? २०१० साली तो साथीदाराकरवी एका निरुपद्रवी सहकाऱ्याचा खून करवतो. आपण म्हणतो, तसे न करता तर स्वतःच मेला असता. २०११ साली कळते, की एका लहान मुलाला विषबाधा त्यानेच घडवली होती. येथे बहुतेकांचा हात सुटतो. पण सगळ्यांचा नाही, आणि या इतिहासातली खरी गोष्ट पुढेच आहे.

ज्यांना वॉल्टरचा राग येईना, त्यांनी तो दुसरीकडे काढला: स्कायलरवर. नवरा कुठे जातो, पैसा कोठून येतो, हे ती विचारते. पुढे मुलांवर त्याची सावली पडू नये म्हणून ती त्यांना बहिणीच्या घरी ठेवते. तीही निर्दोष नाही. चुकते, परपुरुषाकडे वळते, आणि तो काळा पैसा पांढरा करायला हातही लावते. तरी खून, विष आणि नशेचा व्यापार यांच्या शेजारी तिचे दोष कितीसे? पण तिच्या तिरस्कारासाठी आंतरजालावर पाने निघाली, हजारो लोक तेथे जमले. तिची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सांगितले, की हा राग पात्रापुरता न राहता त्यांच्यावरच आला; त्यांना ठार मारण्याची भाषा झाली. मुकाट्याने न सोसणारी, नवऱ्याच्या बरोबरीने उभी राहणारी बायको लोकांना सहन होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला. टाळ्या आणि शिव्या एकाच हंगामात.

हे अमेरिकेतच घडते असे समजून आपण फराळाकडे वळू नये. आपल्या रंगभूमीवर १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आले. सुधाकर दारूपायी घराची राखरांगोळी करतो. त्याच्या हातून तान्हे मूल जाते. आपण सुधाकरासाठी हळहळलो आणि सिंधूसाठी रडलो. पण सिंधूला आपण एवढे अश्रू दिले ते कशाबद्दल? तिने एका शब्दाने नवऱ्याला जाब विचारला नाही म्हणून. तिने पहिल्याच अंकात सुधाकराला दाराबाहेर काढले असते, तर प्रेक्षागृहातले किती रुमाल ओले झाले असते, याचा ज्याने त्याने मनाशी विचार करावा.

याचे कारण मला साधे वाटते. ज्याच्या खांद्यावरून आपण गोष्ट पाहतो, त्याचे ओझे आपल्याला दिसते; तो ज्यांना तुडवतो, ती माणसे पाठमोरी राहतात. वॉल्टरची खोकल्याची उबळ आपण जवळून पाहिलेली असते. त्याच्या मालाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्याला क्वचितच दिसतात. घरोघरीही असेच होते. कर्त्या पुरुषाचे कष्ट सगळ्यांना ठाऊक असतात, आणि ‘मी हे तुमच्यासाठीच करतो’ या वाक्यापुढे सारे गप्प बसतात. हिशेब विचारणारी मग कजाग ठरते.

शेवटच्या भागात वॉल्टर स्वतःच बायकोपाशी कबूल करतो, की हे सारे त्याने स्वतःसाठी केले, त्याला ते आवडत होते. वाल्याचे डोळे उघडले ते घरच्यांच्या उत्तराने. याचे उघडतात सगळे संपल्यावर. गिलिगन यांच्याही मनातून तो पुढे उतरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी लेखकांच्या संघटनेने त्यांचा सन्मान केला, तेव्हा ते म्हणाले की एखाद्या भल्या माणसाचे पात्र निर्माण केल्याबद्दल आपली ओळख राहिली असती तर अधिक बरे वाटले असते. इशारा म्हणून रंगवलेल्या दुष्टांचे लोक अनुकरण करू पाहतात, तेव्हा लेखकांनी आता चांगली माणसे लिहावीत. १९५२ ची संहिता परत आणा, असे त्यांना म्हणायचे नव्हते, आणि आपणही म्हणू नये. चुकणाऱ्याविषयी माया वाटणे हे मनुष्याचे भूषण आहे. फक्त त्या मायेपोटी रांजणातले खडे मोजायचे विसरू नयेत.

म्हणून दुपारच्या त्या वादात मी आत्याबाईंच्या बाजूचा. त्यांनी खडे मोजले होते. आणि आणखी एक आठवण: वाल्याचा पुढे वाल्मीकी झाला, त्याचे नाव युगे टिकले. ज्या बाईने पापात वाटा घ्यायला नकार दिला आणि ज्या नकारावाचून तो वाल्याच राहिला असता, तिला आजीच्या गोष्टीत नावसुद्धा नाही.