तोकी पोना : शब्दांना जात नसलेली भाषा

'शब्दांच्या जाती किती?' या प्रश्नाचे 'आठ' हे उत्तर मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. मात्र शब्दाला अशी कायमची जात असलीच पाहिजे का, हा प्रश्न वर्गात सहसा विचारला जात नाही. कॅनडातील भाषाभ्यासक सोन्या लँग यांनी २००१ मध्ये मांडलेल्या 'तोकी पोना' या कृत्रिम भाषेचे व्याकरण नेमके याच प्रश्नाला भिडते.

'तोकी' म्हणजे भाषा किंवा बोलणे, 'पोना' म्हणजे चांगले किंवा साधे. विचारांमधील गुंतागुंत कमी करावी, या हेतूने ही भाषा घडविण्यात आली. तिच्यात नऊ व्यंजने व पाच स्वर असे अवघे १४ वर्ण आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत पुस्तकात सुमारे १२० शब्द दिले आहेत. इतक्या अल्प शब्दसंग्रहात प्रत्येक शब्दाला अनेक कामे करावी लागतात. म्हणूनच बहुतेक शब्दांची जात कोशात नव्हे, तर वाक्यातील स्थानावरून ठरते.

उदाहरणार्थ, 'मोकु ली पोना' म्हणजे अन्न चांगले आहे. येथे 'मोकु' नाम आहे. 'यान ली मोकु ए किली' म्हणजे माणूस फळ खातो. येथे तोच शब्द क्रियापद झाला. विशेषण नामानंतर येत असल्याने 'यान मोकु' म्हणजे खाणारा माणूस. 'पोना'चेही तसेच. 'यान ली पोना ए तोमो' म्हणजे माणूस घर दुरुस्त करतो.

हे स्वातंत्र्य शक्य होते ते मोजक्या व्याकरणिक शब्दांमुळे. 'ली' कर्ता व विधेय यांची सीमा आखतो, 'ए' कर्म दाखवितो, तर 'पी' शब्दांची गटवारी करतो. 'तेलो नासा' म्हणजे विचित्र पाणी, अर्थात मद्य. 'तोमो तेलो' म्हणजे स्नानगृह. त्यामुळे 'तोमो तेलो नासा' हे विचित्र स्नानगृह ठरते, तर 'तोमो पी तेलो नासा' हे मद्यालय! एका अक्षराने अर्थ पालटतो.

या लवचीकतेची किंमतही मोजावी लागते. क्रियापदाला काळ नाही, नामाला वचन नाही. 'मी' या कर्त्यानंतर (योगायोगाने मराठीतही हाच शब्द आहे) 'ली' गळतो. परिणामी 'मी मोकु' याचा अर्थ 'मी खातो' असा होतो, तसाच 'मी अन्न आहे' असाही! 'तावा' म्हणजे जाणे, हलणारे आणि 'कडे'सुद्धा. त्यामुळे 'मी पाना ए तोमो तावा सिना' हे वाक्य 'मी तुला घर देतो' आणि 'मी तुझी मोटार देतो' अशा दोन्ही प्रकारे वाचता येते. गप्पांमध्ये संदर्भ साह्य करतो. खरेदीखतात मात्र अशा वाक्यावर कोणी स्वाक्षरी करणार नाही.

मराठीतही 'खाणे' हा शब्द कधी कृती, तर कधी पदार्थ दर्शवितो. मात्र आपल्याकडे विभक्तिप्रत्यय व क्रियापदाची रूपे संदिग्धता बरीच आवरून धरतात. तोकी पोनात तो भार शब्दक्रमावर व चिमुकल्या अव्ययांवर येतो. २०२२ मध्ये या भाषेला आंतरराष्ट्रीय भाषासंकेतही मिळाला. शब्द मोकळे सोडायचे, तर वाक्याची चौकट घट्ट हवी, हाच तिच्या व्याकरणाचा धडा आहे.