अंतिम वेतनातील अतिप्रदान आणि परतफेडीचे दायित्व : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नोकरी सोडताना किंवा सेवेतून निवृत्त होताना मिळणारे अंतिम वेतन हा मालक आणि कर्मचारी यांच्यातील शेवटचा हिशेब असतो. शिल्लक रजेचे रोखीकरण, सूचना कालावधीचे वेतन, अग्रिमाची वजावट, वेतननिश्चितीतील फरक अशा अनेक बाबी या एकाच हिशेबात येतात. त्यामुळे चूक होण्याची किंवा जुनी चूक उघडकीस येण्याची शक्यताही येथेच अधिक असते. रक्कम कमी मिळाल्यास कर्मचारी दाद मागू शकतो. परंतु हक्कापेक्षा अधिक रक्कम मिळाली असेल, तर ती पूर्वीच्या मालकाला परत करण्याचे दायित्व कोठून येते आणि त्याला मर्यादा कोणत्या, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात या दायित्वाची भारतातील वाटचाल तपासली आहे. 'रक्कम कोणाची' आणि 'ती कोणत्या मार्गाने व केव्हा वसूल करावी' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळल्यामुळेच या विषयात गोंधळ निर्माण झाला, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

चुकून दिलेल्या पैशाचा कायदा

चुकून दिलेले धन परत मिळाले पाहिजे, हे तत्त्व रोमन विधीइतके जुने आहे. इंग्लंडमध्ये १७६० साली मोझेस विरुद्ध मॅकफर्लन या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्यास न्यायबुद्धीचा आधार दिला. जे धन स्वतःजवळ ठेवणे सदसद्विवेकाला धरून नाही ते परत केले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे १८४१ च्या केली विरुद्ध सोलारी या खटल्यात हा विचार अधिक स्पष्ट झाला. हप्ता न भरल्यामुळे रद्द झालेल्या आयुर्विम्याची रक्कम विमा संस्थेने विस्मरणाने देऊन टाकली होती. देणाऱ्याने निष्काळजीपणा केला, एवढ्यावरून परत मागण्याचा त्याचा हक्क नष्ट होत नाही, असे न्यायालयाने मानले.

हीच विचारधारा भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ मध्ये उतरली. ज्याला चुकीने किंवा जबरदस्तीमुळे पैसे दिले गेले असतील त्याने ते परत केले पाहिजेत, एवढेच हे कलम सांगते. चूक कोणाची होती किंवा घेणाऱ्याने पैसे खर्च केले काय, याचा त्यात उल्लेख नाही. वस्तुस्थितीविषयीच्या चुकीबरोबर कायद्याविषयीची चूकही या कलमात येते, हा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये तो मान्य केला. म्हणजेच 'रक्कम कोणाची' या प्रश्नाचे उत्तर १८७२ पासून निःसंदिग्ध आहे.

वेतन प्रदान अधिनियम, १९३६

वेतनाच्या बाबतीत मात्र मालकाचा हात मोकळा ठेवणे धोक्याचे होते. मुंबईच्या कापड गिरण्यांसह अनेक उद्योगांत दंड, नुकसानभरपाई आणि न कळविता काम सोडल्याची शिक्षा म्हणून मजुरीत कपात होत असे. मजुरी हाती पडण्यासही विलंब लागे. १९२९ साली नेमलेल्या आणि जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगाने या प्रश्नाची दखल घेतली. मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यानंतर वेतन प्रदान अधिनियम, १९३६ संमत झाला.

या अधिनियमाने कपातीचे ग्राह्य प्रकार कलम ७ मध्ये नमूद केले. त्यांत जादा दिल्या गेलेल्या वेतनाचे समायोजन समाविष्ट होते. म्हणजे कामगाराचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानेही परतफेडीचे तत्त्व नाकारले नाही. त्याने केवळ तिचा मार्ग आखून दिला. मात्र हा मार्ग पुढील महिन्याच्या वेतनातून जातो. नोकरी संपली की पुढचे वेतनच उरत नाही. शिवाय मालकाने कामावरून कमी केलेल्या कामगाराचे वेतन दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर देण्याचे बंधन याच अधिनियमात होते. घाईने केलेल्या हिशेबात चूक राहिली, तर खाजगी मालकापुढे पूर्वीच्या कर्मचाऱ्याला विनंती करणे किंवा कलम ७२ च्या आधारे दिवाणी दावा दाखल करणे, हेच पर्याय उरत. अल्प रकमेसाठी दावा सहसा परवडत नाही. त्यामुळे अशा प्रकरणात परतफेड बहुतांशी घेणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्येही जादा वेतनाच्या समायोजनाची तरतूद कायम आहे. राजीनामा देणाऱ्यासही आता दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यावे लागते.

शासकीय सेवा आणि न्यायालयाची समतोल दृष्टी

शासकीय व अनुदानित सेवेत स्थिती उलट आहे. तेथे नोकरी संपल्यावरही उपदान आणि निवृत्तिवेतन शासनाच्या हाती असते. सेवापुस्तकाची तपासणी बहुधा निवृत्तीच्या सुमारास होते आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीची चुकीची वेतननिश्चिती तेव्हा ध्यानात येते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-अ अन्वये अशी रक्कम निवृत्तिवेतनातून वसूल करता येते. परंतु तत्पूर्वी कर्मचाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. महाविद्यालयीन प्राध्यापकांनाही वेतन पडताळणीच्या निमित्ताने हा अनुभव अपरिचित नाही.

या कठोरतेला सर्वोच्च न्यायालयाने १९९४ पासून मर्यादा घातली. श्यामबाबू वर्मा खटल्यातील औषधनिर्मात्यांना १९७३ पासून चुकीने वरची वेतनश्रेणी मिळाली होती आणि ती १९८४ मध्ये कमी करण्यात आली. चुकीत त्यांचा दोष नसल्याने दिलेली रक्कम वसूल करू नये, असे न्यायालयाने ठरविले. त्याच वर्षी निर्णित झालेला साहिब राम खटला हरियाणातील एका ग्रंथपालाचा होता. आवश्यक शैक्षणिक पात्रता नसताना प्राचार्यांच्या चुकीमुळे त्यांना सुधारित श्रेणी मिळाली होती. श्रेणीवरील त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही; तथापि त्यांनी कोणतीही खोटी माहिती दिलेली नसल्याने वसुली मात्र थांबविली. हक्क आणि वसुली यांतील भेद येथे प्रथमदर्शनीच दिसतो.

या सवलतीचे स्वरूप कर्नल अक्कारा खटल्यात २००६ साली स्पष्ट झाले. ही सवलत कर्मचाऱ्याचा हक्क नसून त्रास टाळण्यासाठी वापरलेला न्यायिक विवेक आहे, असे न्यायालयाने म्हटले. अल्प वेतनाचा कर्मचारी हाती येणारी रक्कम कुटुंबाच्या पोषणासाठी खर्च करतो. ती पुढे परत मागणे त्याच्यावर आघात ठरतो. परंतु रक्कम जादा असल्याची जाणीव त्याला असेल किंवा चूक अल्पावधीत लक्षात आली असेल, तर ही सवलत मिळणार नाही. इंग्लंडमध्येही असाच विचार दिसतो. १९८३ च्या एव्हन काउंटी कौन्सिल विरुद्ध हॉवलेट खटल्यात आजारपणाच्या काळात जादा वेतन मिळालेल्या शिक्षकाने मालकाच्या कथनावर विसंबून बराचसा पैसा खर्च केला होता. न्यायालयाने मालकाची मागणी फेटाळली.

परस्परविरोधी वाटणारे निर्णय

२००८ मध्ये सय्यद अब्दुल कादिर खटल्यात बिहारमधील शिक्षकांना दिलासा मिळाला. त्यांतील बहुसंख्य निवृत्त झाले होते किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. याउलट २०१२ च्या चंडीप्रसाद उनियाल खटल्यात, जादा दिलेले वेतन हा करदात्यांचा पैसा आहे, या भूमिकेतून न्यायालयाने शिक्षकांकडून बारा समान मासिक हप्त्यांत वसुलीस अनुमती दिली. या विसंगतीचा प्रश्न त्रिसदस्यीय पीठापुढे गेला. जुलै २०१४ मध्ये त्या पीठाने सांगितले की, खरी विसंगती नाही; १९९४ चे निर्णय संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील विशेषाधिकारात दिलेले होते, तर २०१२ च्या निर्णयाने कायदा घोषित केला होता.

त्यानंतर १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसिह या खटल्यात वसुली अग्राह्य ठरणाऱ्या पाच परिस्थिती सांगण्यात आल्या : तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले अतिप्रदान, वरच्या पदाचे काम चुकीने करवून घेऊन दिलेले वेतन, आणि जेथे वसुली अन्यायकारक ठरेल अशी अन्य प्रकरणे. २०१६ च्या जगदेव सिंग खटल्यात यास महत्त्वाचा अपवाद जोडला गेला. सुधारित वेतन घेताना जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिलेला अधिकारी पुढे निवृत्तीचा आधार घेऊ शकत नाही, असे ठरले. मात्र वसुली दोन वर्षांच्या हप्त्यांत करावयाची होती. मे २०२२ मध्ये थॉमस डॅनियल खटल्यात, १९९९ साली निवृत्त झालेल्या केरळमधील शिक्षकाकडून वेतनवाढीतील जादा रक्कम दहा वर्षांनंतर मागणे असमर्थनीय ठरविण्यात आले.

समारोप

या वाटचालीतून एक सूत्र हाती येते. चुकून मिळालेली रक्कम कर्मचाऱ्याच्या मालकीची झाली, असे यांपैकी कोणत्याही निर्णयाने म्हटलेले नाही. न्यायालयांनी थांबविली ती वसुली. आणि तीही जेथे कर्मचारी निर्दोष व अनभिज्ञ होता, काळ बराच लोटला होता आणि परतफेडीचा भार त्याच्या उतारवयावर पडत होता. मालकाच्या दीर्घ निष्काळजीपणाचा खर्च दुर्बळ पक्षाने सोसू नये, एवढाच त्यामागील न्याय आहे.

अंतिम वेतनात एखाद्या महिन्याचे वेतन दुबार जमा होणे किंवा रजेचे दिवस जादा मोजले जाणे, ही स्थिती निराळी आहे. तेथे चूक ताजी असते, ती हिशेबावरून कळते आणि घेणाऱ्याने त्या पैशावर आपल्या जीवनाची मांडणी केलेली नसते. अशा वेळी वीस वर्षांच्या चुकीसाठी निर्माण झालेल्या सवलतीचा आश्रय घेणे उचित नाही; हिशेबाचा तपशील मागून, आवश्यक तर हप्ते ठरवून रक्कम परत करणे आणि तशी पोच घेणे, हेच या इतिहासाशी सुसंगत आहे. त्याचबरोबर हिशेब वेळीच तपासण्याची जबाबदारी संस्थांवरही येते. सेवापुस्तकाची नियतकालिक पडताळणी झाली, तर निवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याच्या हाती वसुलीचा आदेश पडण्याचे प्रसंग पुष्कळच कमी होतील.