चिमटा कुठे बसला आहे?

पंचविशीतल्या मुलीचे बीपी १८० निघाले की घरचे म्हणतात, "टेन्शन घेते, दुसरं काय!" गोळी सुरू होते आणि कारण शोधायचे राहून जाते. ते कारण कधी कधी मूत्रपिंडाच्या धमनीत असते. हे कसे कळले, ते आज पाहू.

१८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांना सशाच्या मूत्रपिंडात दाब वाढवणारा पदार्थ सापडला. त्याला त्यांनी 'रेनिन' म्हटले. पुढे १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमन्या चांदीच्या चिमट्याने आवळल्या आणि दाब चढला. रक्त कमी पोचले की मूत्रपिंडाला वाटते, साऱ्या शरीरातच दाब पडला. मग ते रेनिन सोडते, रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी साठते.

तरुणांत हा चिमटा लावतो कोण? पाश्चात्त्य देशांत बहुधा धमनीच्या भिंतीची सदोष वाढ. आपल्याकडे मुख्यतः ताकायासूचा आजार, म्हणजे महाधमनीला व तिच्या फाट्यांना येणारी सूज. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्यांत त्याच्या खुणा पाहिल्या. जपानात बहुधा हाताची नाडी हरवते. भारतात मात्र पुष्कळदा पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद होतात.

मुंबईच्या केईएममधील सेन, किनरे, इंजिनिअर आणि परुळकर या डॉक्टरांनी १९६३ साली महाधमनीच्या मधल्या भागातील या आजारावर निबंध प्रसिद्ध केला. आपल्या रायपूरचे मेडिकल कॉलेजही त्याच वर्षीचे. १९७३ साली केईएमच्या चमूने १०१ रुग्णांच्या अभ्यासावर ग्रंथच काढला.

उपचारांचा इतिहास मात्र सरळ नाही. गोल्डब्लाटनंतर अनेकांची मूत्रपिंडे काढली गेली, पण पुष्कळांचा दाब उतरलाच नाही. १९७८ साली ग्रुंटझिग यांनी फुग्याने धमनी रुंद केली आणि मूत्रपिंड वाचवण्याची वाट खुली झाली. फुगा प्रत्येकाला लागतो असे नाही. सूज चालू असेल तर आधी ती शमवावी लागते.

उशीर झाला तर रक्ताविना मूत्रपिंड आकसते. म्हणून तरुण वयात दाब सापडला, तर डॉक्टरांना विचारा: दोन्ही हातांचे बीपी पाहिले का? पायाची नाडी लागते का? पोटावर स्टेथोस्कोप ठेवून धमनीचा आवाज ऐकला का? या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. शंका आली तर पुढे डॉप्लर आहेच.