सुटे पान आणि बांधलेले पुस्तक

मंडळी, आपल्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पद्मपूर नावाचे गाव आहे. आठव्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूती याने आपले घराणे विदर्भातील पद्मपूरचे, असे नाटकाच्या प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. ते पद्मपूर हेच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. आता बघा, त्या काळचे किती वाडे, किती हुकूम मातीस मिळाले! गावाचे नाव मात्र उरले. त्या वेळी छापखाना नव्हता. पण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ती पोथी हाताने उतरवून घेत राहिले. ग्रंथाचे मोल हे असे आहे.

मग सुट्या पानांवरचे लेखन कुचकामाचे की काय? मुळीच नाही. १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १०८ पत्रे लिहिली. भाऊ महाजन त्याचे संपादक. पेशवाई बुडून तीसच वर्षे झाली होती आणि लेखक होता पंचविशीचा तरुण! जातिभेद, विधवांचे हाल, विद्येची हेळसांड, आपले राज्य का गेले, असे एकेक दुखणे त्याने उघडे करून दाखवले. जाडजूड ग्रंथ लिहीत बसता तर वेळ गेला असता, आणि तो विकत घेणारे तरी किती निघाले असते? पत्र छोटे, थोड्या वेळात वाचून होणारे. आणि त्यावर विचार करायला मध्ये सवडही मिळायची. सुट्या पानाचे बळ ते हे.

पण सुट्या पानाला आयुष्य थोडे, बरे का! आजचा अंक उद्या वाण्याच्या पुडीला जातो. ही ‘शतपत्रे’ पुढे एकत्र करून पुस्तकरूपाने छापली गेली, म्हणून आजचा विद्यार्थी ती सहज वाचू शकतो. तेव्हा सुटे पान आणि पुस्तक ही एकमेकांची वैरी नव्हेत. एक पेरणी, तर दुसरे कणगी.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला होते. तिथले पक्षी, तिथले रान आणि जाणत्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी टिपून ठेवल्या. त्या टिपणांना पुस्तकांचे घर मिळाले. टिपणे तशीच राहती, तर ती माहिती आपल्यापर्यंत पोचती का?

आज मोबाईलवर लिहिलेले घटकाभरात गावोगाव पोचते. ही सोय मोठी आहे, ती जरूर वापरावी. पण ते जपायचे कोणी? गुरुजी, इथे तुमचे काम आहे. झाडीबोलीतले आणि पोवारीतले शब्द, तलावाची पाळ बांधण्याची कोहळी लोकांची रीत, आजीच्या तोंडच्या कहाण्या मुलांकडून लिहवून घ्या. दर महिन्याला एक पान होऊ द्या. वर्षाअखेर ती पाने शिवा. एक प्रत शाळेच्या कपाटात आणि एक गावच्या वाचनालयात ठेवा. सांगणारी माणसे थकत चालली आहेत. त्यांच्या हयातीतच हे व्हायला हवे.